वाराच्या दिवशीचं अपडेट

गावच्या लक्ष्मीची मागची जत्रा ठरली त्या साली आमच्या परसात एक भांडण झालं. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. मधली भिंत मातीची. तिला कान होते की नाही कुणास ठाऊक, मला मात्र दोन होते.

जत्रेच्या आधी आमच्या कंग्राळीत वार पाळतात. ठरलेल्या मंगळवारी रानात कुणी जायचं नाही, औत धरायचं नाही, विळा लावायचा नाही, गिरणीसुद्धा बंद. त्या दिवशी देवी शिवारात फिरते, तिच्या वाटेत माणसानं कामाचा हात घालू नये, अशी समजूत. आणि नेमक्या अशा एका मंगळवारी माझे चुलत सासरे भावकू यांच्या मळ्यातली मोटार सुरू झाली आणि कोबीला पाणी गेलं.

"पाणी गेलं का न्हाय, तेवढं सांग," आमचे सासरे आण्णाप्पा म्हणाले.

"गेलं. पण आण्णा, मी घरात निजलोतो. करंट आला आणि मोटार आपली आपण चालू झाली. मी हात लावला न्हाय."

"मोटार कुणाची?"

"माझी."

"कोबी कुणाचा?"

"कोबी माझाच. पण हात कुणाचा न्हाय, म्हणून सांगतोय."

"हात न्हाय म्हण. आणि ते आपोआप चालू व्हायचं डबडं कुणी बसवलं रं तिथं?"

भावकूमामांचा आवाज बारीक झाला. मग म्हणाले, "तुमच्या मष्णूनं."

त्यावर आमच्या सासऱ्यांना जो खोकला आला तो भाकरी करपायला लागली तरी थांबला नाही. शेवटी पंचांनी भावकूमामांना देवीपुढं एक नारळ ठेवायला लावला आणि मष्णूलाही एक. हात न लावता काम झालं तरी ते काम कुणाचं, याचा निकाल तेव्हा गावानं असा लावला.

हा मष्णू माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्याला चड्डीचं बटण लावता येत नव्हतं. ते मी लावायची. आज तो साठीला आला, तरी मी त्याला मष्णूच म्हणते आणि तो मला वैनी. त्याच्या कारखान्यात त्याला सगळे सर म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मागं कोण दुसरं उभं आहे काय.

लहानपणापासून त्याचा एकच गुण, घाई नाही. घरातला रेडिओ बंद पडला की सगळे त्याला थापट्या मारायचे. हा म्हणायचा, "आधी बघू, मग मारू." आणि बघायचा म्हणजे काय, अंगणात फडकं पसरून सगळा रेडिओ त्यावर मांडायचा. पुढं बेळगावात डिप्लोमा केला आणि जवळच मच्छे गावातल्या एका कारखान्यात लागला. तिथं सिलिंडर करतात. गॅसचे नव्हेत. ट्रॅक्टरची ट्रॉली जो दांडा वर उचलतो, त्याचे. तेलाच्या दाबावर चालतात. तयार झाला की सिलिंडर एका यंत्रावर चढवायचा, आत तेल दाबायचं आणि गळतो का बघायचं. पूर्वी एक माणूस काट्याकडं डोळे लावून बसायचा. मग कारखान्यात कॉम्प्युटर आला, आणि हा त्याच्याशी असा चिकटला की जेवायला घरी आला तरी भाकरी हातात धरून भिंतीकडं बघत बसायचा. दोन-तीन वर्षांत त्यानं त्या यंत्रासाठी प्रोग्राम लिहिला. सिलिंडर चांगला का गळका, ते तो प्रोग्राम सांगणार. त्याला मूलबाळ झालं नाही. प्रोग्रामला मात्र तो सणावारी नवे कपडे घातल्यासारखा काही ना काही जोडत राहिला.

त्याची बायको माधवी निपाणीची. तिचं बोलणं तिकडच्या तंबाखूसारखं, चिमूटभर असलं तर तरतरी येते, जास्त झालं की ठसका. ती म्हणायची, "मला दोन सवती. एक कारखाना आणि एक तो प्रोग्राम. कारखाना निदान रविवारी सुट्टी देतो."

तर यंदा दोन गोष्टी एकदम आल्या. लई वर्षांनी परत लक्ष्मीची जत्रा ठरली. आणि महिनाअखेरीला मष्णू नोकरीतून मोकळा होणार होता.

त्याच महिन्यात कारखान्यातल्या यंत्रांना नवे कॉम्प्युटर बसवले, आणि तेव्हापासून प्रोग्राम खोटं बोलायला लागला. चांगल्या सिलिंडरला अधूनमधून गळका म्हणायचा. तोच सिलिंडर उतरवून परत चढवला की चांगला. मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा, माणूस वाईट नाही, पण त्याला थांबायला वेळ नाही. तो मष्णूला म्हणाला, "सर, हा प्रोग्राम आत उघडून बघता आला पाहिजे. तुम्ही गेल्यावर तर बघता आलाच पाहिजे. पुढच्या सोमवारपर्यंत नोडोण, बघूया. न्हाय जमलं तर काढून टाकू, बाहेरचा तयार घेऊ."

घरी येऊन मष्णूनं हे सांगितलं तेव्हा आवाज साधाच होता. पण त्यानं ताटातली भाजी तशीच ठेवली. आयुष्यभराचं एकच काम, आणि तो घरी बसायच्या आधीच ते भंगारात जाणार.

आता मला जेवढं कळलं तेवढं सांगते. चूक असली तर मष्णूची, त्यानं तसं समजावलं. प्रोग्राम माणूस एकटा लिहीत नाही. त्यातलं बरंचसं दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं, ते घ्यायचं. आपण घरी आमटी करतो पण मसाला दुकानातला आणतो, तसं. त्या तयार कामाला लायब्ररी म्हणतात. नव्या कॉम्प्युटरवर नवी लायब्ररी होती. मष्णूच्या लॅपटॉपवर जुनी, आणि जुनीवर प्रोग्राम खोटं बोलतच नव्हता. म्हणजे खोटं पकडायचं तर त्याच्याकडंही नवी लायब्ररी पाहिजे. यालाच अपडेट म्हणतात.

आणि दुसरा तो डिबगर. प्रोग्राम चालता चालता मधेच उभा करायचा आणि त्याच्या पोटात त्या घटकेला काय आहे ते बघायचं, यासाठी असतो तो. मी म्हटलं, "कुकरचं झाकण न काढता भात किती शिजला ते बघितल्यासारखं?" तर म्हणाला, "व्हय वैनी, अगदी तसंच." असला कुकर मिळाला असता तर माझं निम्मं आयुष्य वाचलं असतं.

अपडेट करायचं ठरलं आणि आडवा आला मंगळवार. वाराचा. मष्णू वार मोडणाऱ्यातला नाही. पण सोमवारची मुदतही डोक्यावर. मग त्यानं काय करावं? आदल्या संध्याकाळी लॅपटॉपला सांगून ठेवलं की उद्या सकाळी तुझं तू अपडेट करून घे. आणि मंगळवारी हा बाहेर सोप्यावर हाताची घडी घालून बसला. आत टेबलावर लॅपटॉप आपला घूं घूं करत होता.

माधवी दारातनं म्हणाली, "वार पाळायलाय न्हवं तुम्ही?"

"मग? मी कुठं हात लावलाय?"

"हात न्हाय लावला. पण कान आत हायत तुमचे."

मी शेंगा फोडत होते. शेंग हातात तशीच राहिली. हे हाताचं बोलणं मी एकदा भिंतीपलीकडनं ऐकलं होतं.

बुधवारी त्यानं लॅपटॉप उघडला. प्रोग्राम चालला. पण डिबगर लावला, प्रोग्राम मधे उभा केला, आणि दाबाचे आकडे बघायला गेला की डिबगरच कोसळायचा. बघायला लावलेला माणूसच भोवळ येऊन पडावा तसा. परत लावला, परत पडला. आकडे बघितले नाहीत तर पडत नव्हता. बघायचे म्हटलं की पडत होता.

मष्णूचा चेहरा उतरला. मी त्याला बटण लावता येत नव्हतं तेव्हापासून बघतेय. त्याच्या मनात बसलं की आपण वार चुकवला, समोर कुणी बसलं नव्हतं, मधे कॉम्प्युटरनं काहीतरी विचारलं असेल, उत्तर द्यायला कुणी नव्हतं, आणि अपडेट अर्धवट राहिलं. हे त्यानं धरलं ते धरलंच. सगळं काढून परत अपडेट केलं, समोर बसून. डिबगर पडला. आणखी एकदा केलं, या वेळी अंघोळ करून. तरी पडला. जुनी लायब्ररी घातली तर डिबगर ठणठणीत, पण तिच्यावर प्रोग्राम खोटं बोलत नाही, मग बघायचं काय? नवा डिबगर आणून बघितला. तोही त्याच जागी आडवा. आठवडा असा निघून गेला. रेडिओ फडक्यावर मांडणारा माणूस, पण या वेळी तो एकच जागा परत परत पुसत होता.

रविवारी कारखाना बंद असताना सौम्या घरी आली. ही त्याच्या हाताखालची इंजिनियर, वडगावची. घरात साड्यांचे माग, ती मागांच्या खडखडाटातच वाढली, म्हणून शेजारी बसली तरी रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखी बोलते. मष्णू गेल्यावर प्रोग्राम तिच्याकडंच यायचा होता, राहिला तर. तिनं आपला लॅपटॉप आणला आणि एक छोटी डबी. ती डबी लावली की लॅपटॉपला वाटतं समोर यंत्रच आहे. मला गंमत वाटली. एवढ्या शहाण्या वस्तूला एवढ्याशा डबीनं फसवता येतं.

"सर, झालं काय ते पहिल्यापासनं सांगा," ती म्हणाली.

मष्णूनं सांगितलं. मंगळवारचं सांगताना आवाज जरा खाली गेला. "समोर कोण नव्हतं गं. तिथंच अर्धवट ऱ्हायलं बघ."

"पण नंतर दोनदा समोर बसून केलं म्हणताय."

"पहिलं बिघडलं की पुढचं त्याच्यावरच चढतंय."

सौम्यानं आपला लॅपटॉप उघडून त्याच्यापुढं सरकवला. "आमच्या वडगावात ह्यो वार न्हाय, सर. काल मी सगळं समोर बसून अपडेट केलं. प्रत्येक प्रश्न वाचून. आता बघा."

तिनं डिबगर लावला. आकडे दाखव म्हटलं. पडला.

मष्णूनं स्वतः परत लावून बघितला. पडला.

"मग तुम्ही लक्ष्मीला भ्यायलाय का लायब्ररीला, ते एकदा ठरवा," सौम्या म्हणाली. आतनं माधवी खुदकन हसली. तिला जोडीदारीण मिळाली.

मष्णू मात्र हसला नाही. तो उठून उभा राहिला, सोप्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. मग म्हणाला, "तुझा पण पडतोय, माझा पण पडतोय. अपडेट वेगळं वेगळं झालंय. मग दोन्हीकडं सारखं काय हाय?"

"लायब्ररी सारखी. डिबगर सारखा."

"ते जगात सगळ्यांच्याकडं सारखं हाय. सगळ्यांचा पडत असता तर बोंब झाली असती."

मी शेंगा फोडत होते तेवढाच आवाज.

"सर," सौम्या हळू म्हणाली, आणि ती हळू बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं, "मी कामाला लागले तेव्हा तुम्ही मला तुमची सगळी मांडणी दिलती. डिबगर कसा दिसावा, कुठली बटणं, सगळं. तेवढंच आपल्या दोघांचं सारखं हाय."

"ती मांडणी लई जुनी हाय. कधी त्रास दिला न्हाय."

"म्हणून म्हणते, एकदा उघडा चालवू या. तुमचं न्हाय, माझं न्हाय, काहीच न घालता. कोरा."

मष्णूच्या मनात नव्हतं, ते दिसत होतं. पण मान हलवली. सौम्यानं डिबगर कोरा चालवला. आकडे दाखव म्हटलं. आकडे आले. वेडेवाकडे, ढिगानं, शेंगांच्या टरफलांसारखे. पण आले. पडला नाही.

मग काम सोपं झालं. मांडणीतलं निम्मं परत घातलं, चालवलं. पडला नाही. उरलेलं निम्मं घातलं, पडला. त्यातलं परत निम्मं काढलं. धान्य निवडताना आपण सुपातलं जसं अर्धं अर्धं करत जातो तसं करत करत शेवटी एक छोटीशी फाईल हाताला लागली. सौम्यानं ती उघडली आणि वर लिहिलेलं नाव वाचून लॅपटॉप सरांच्याकडं वळवला. नाव मष्णूचं होतं.

झालं होतं असं. दाबाचे आकडे शेकड्यानं असतात. डिबगर ते ढिगासारखे ओततो. म्हणून मष्णूनं कधीकाळी ही फाईल लिहून ठेवली होती, की ढीग नको, सगळ्यात मोठा, सगळ्यात लहान आणि शेवटचा, एवढेच नीट ओळीत दाखव. आता आकडे लायब्ररीकडं मागायची एक रीत असते, तिला विचारायचं आणि ती देते. मष्णूनं तेव्हा विचारलंच नव्हतं. लायब्ररीच्या घरात कुठल्या फळीवर काय आहे ते पाठ करून फाईलला सरळ आत हात घालायला शिकवलं होतं. तसं लवकर होतं म्हणून. नव्या लायब्ररीनं घरातल्या फळ्या बदलल्या. फाईल जुन्या जागी हात घालायची, तिथं फळीच नाही, आणि तोल जाऊन डिबगरसकट खाली.

हे मला लगेच कळलं. माझी थोरली सून घरात आली तेव्हा तिनं मिठाचा डबा खाली आणि तिखटाचा वर केला. मी न बघता हात घालणारी. त्या दिवशीची आमटी घरात अजून काढतात.

"माझाच हात," मष्णू म्हणाला. मग थोड्या वेळानं, "आणि आठवडाभर मी देवीवर घातलं."

"फाईल दुरुस्त करूया?" सौम्यानं विचारलं.

"नको. काढून टाक. तुझ्या हातानं नवी लिही, लायब्ररीला विचारून दाखवणारी. माझी ठेवली तर पुढच्या अपडेटला तू अशीच कुणाच्या तरी सोप्यावर बसशील."

तिनं काढली. मला वाटलं होतं त्याला लागेल. त्यानं चहा मागितला.

चहा होईतो डबी लावून त्यांनी प्रोग्राम चालवला, मधे उभा केला आणि आकडे बघितले. खोटं कुठं बोलतोय ते सौम्याला दिसलं. नवी लायब्ररी चपळ, आकडे लगेच आणून देते. यंत्रात तेल दाबल्यावर ते निवायला, स्थिर व्हायला एक क्षण लागतो. जुनी लायब्ररी हळू होती, तिला पोचेपर्यंत तेल निवलेलं असायचं. नवी ते डचमळत असतानाच आकडा घेऊन यायची, आणि प्रोग्राम म्हणायचा, गळतोय. सौम्यानं मधे जरा थांब असं लिहिलं. बस. परत चालवलं, परत परत चालवलं, चांगल्याला चांगलाच म्हणाला.

ती निघाली तेव्हा माधवीनं तिच्या पिशवीत शेंगा घातल्या. मग दारात उभ्या नवऱ्याकडं बघून म्हणाली, "वाराचं काय न्हवतं म्हणजे. नारळ वाचला."

"नारळ ठेवायचाच," मष्णू म्हणाला. "डिबगर दुसऱ्या कारणानं पडला म्हणून मी वार चुकवला न्हाय असं होतंय काय?"

या घरात येऊन मला एवढी वर्षं झाली, सासऱ्यांसारखा तो बोललेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या दिवशी कामाला जाताना नारळ ठेवून गेला.

सोमवारी त्यानं मालकाला सगळं सांगितलं. फाईल माझी, चूक माझी, लपवलं नाही. मालक काय म्हणाला ते मला सौम्यानं फोनवर सांगितलं, फोन कानापासून लांब धरून ऐकावं लागलं. मालकानं कारखान्यात जाऊन स्वतः सिलिंडर चढवून बघितले. मग म्हणाला, "सर, तुमची फाईल गेली तेवढं बास. प्रोग्राम राहू दे. सौम्या, हे आता तुझं." बाहेरचा तयार आणायचं परत निघालं नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. कारखान्यात शाल दिली, फोटो काढले, मच्छेच्या हॉटेलातला शिरा दिला. मला वाटलं माणूस आज उशिरा येईल, गाडीवर हारबीर असेल. तो रोजच्या वेळेला आला. हार त्यानं तिथंच यंत्राला घातला होता म्हणे.

महिनाअखेरीचं त्याचं एक काम ठरलेलं असतं. थोरल्या मालकांनी त्याला फार पूर्वी सांगितलं होतं, कारखान्यात आग लागो, पाणी शिरो, प्रोग्रामची एक प्रत बाहेर कुठंतरी सुखरूप असू दे. तो ती प्रत माझ्याकडं आणून ठेवतो. बोटाएवढी काडी असते, पेन ड्राइव्ह म्हणतात. तांदळाच्या डब्यात ठेवली की दमट होत नाही. पावसाळा असो, ताप असो, महिना संपला की तो येणार, नवी ठेवणार, जुनी घेऊन जाणार.

"वैनी, डबा," तो म्हणाला.

मी डबा पुढं केला. शाल खांद्यावरच होती, ती तांदळात लोंबायला लागली तेव्हा त्यानं काखेत धरली. आत हात घालून जुनी काढली, फुंकर मारून खिशात टाकली आणि नवी कोपराएवढी खोल घातली.

"ह्याच्यात सौम्यानं लिहिलेलं हाय," तो म्हणाला.

"आणि पुढच्या महिन्याला कोण आणणार?"

"तीच आणंल. घर बघितलंय तिनं. दार वाजवायची गरज न्हाय, हाक मारली की गावाला कळंल."

त्यानं वरचे तांदूळ हातानं सारखे केले. झाकण लावलं, चारी बाजूंनी दाबून बघितलं, आणि हातपाय धुवायला परसात गेला.